स्मृतिनिधी : करुणा, कायदा आणि कर

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



सटाण्यासारख्या गावात कोणाच्या घरी अकाली मृत्यू झाला, तर ते दुःख एका घराचे राहत नाही. बाजारपेठेतील दुकाने अर्ध्या दिवसासाठी बंद होतात, उठावण्याला अंगणात जागा पुरत नाही आणि त्याच गर्दीत कोणीतरी हळूच म्हणतो, "या घरासाठी काहीतरी केले पाहिजे." कर्ता पुरुष गेलेला असतो, मुले शिकत असतात, दुकानाच्या उधारीची वही उघडी असते. कोणी अकरा हजार जाहीर करतो, कोणी एकवीस हजार, कोणी नाव न घेण्याच्या अटीवर लाखाची रक्कम ठेवतो. चार दिवसांत मोठी रक्कम जमते आणि तिला दिवंगताच्या नावाने 'स्मृतिनिधी' असे नाव मिळते.

येथवर सारे हृदयाचे काम आहे. पुढचे काम मात्र वहीचे आहे. हा पैसा कोणाच्या खात्यात ठेवायचा? तो कायद्याने कोणाचा? देणाऱ्याला आयकरात वजावट मिळेल का? घेणाऱ्या कुटुंबाला त्यावर कर भरावा लागेल का? भावना उत्कट असते तेव्हा हे प्रश्न क्षुद्र वाटतात आणि म्हणून ते विचारले जात नाहीत. ते दोन वर्षांनी विचारले जातात. परंतु तेव्हा विचारणारा आयकर खात्याचा अधिकारी असतो आणि उत्तर देणारी बहुधा ती विधवा भगिनी असते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू एवढाच की तिच्यावर ती वेळ येऊ नये.

सटाण्याच्या भूमीला करुणा आणि खजिना यांचे नाते नव्याने सांगण्याची गरज नाही. आरम नदीच्या काठी ज्यांचे मंदिर आहे, ते देवमामलेदार यशवंतराव महाराज हे येथील मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेलेल्यांसाठी खुला केला आणि वरिष्ठांची तपासणी आली तेव्हा खजिन्यातील रक्कम पूर्ण भरली, अशी श्रद्धा लोकमानसात आजही जिवंत आहे. या कथेत दोन गोष्टी आहेत. पहिली, दुःखिताला मदत करताना हात आखडता घेऊ नये. दुसरी, तपासणी संतांनाही चुकली नाही. आजच्या विश्वस्ताला चमत्काराचा आधार नाही. त्याच्या हाती केवळ पावतीपुस्तक, ठरावाची वही आणि कायद्याची माहिती आहे.

दोन प्रश्नांची गल्लत

या विषयातील बहुतेक गोंधळ दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो. देणाऱ्याला वजावट मिळते की नाही, हा एक प्रश्न. घेणाऱ्याला कर लागतो की नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'नाही' असले तरी दुसऱ्याचेही उत्तर 'नाही' असू शकते आणि ते शुभच आहे. एखाद्या गृहस्थाने विधवा भगिनीच्या बँक खात्यात थेट पंचवीस हजार रुपये भरले, तर ते पुण्यकर्म असले तरी कायद्याच्या भाषेत ती 'देणगी' नसून 'भेट' आहे. व्यक्तीला दिलेल्या भेटीवर कलम ८० जी खाली वजावट मिळत नाही. ती केवळ मान्यताप्राप्त संस्थेला किंवा निधीला दिलेल्या देणगीवर मिळते.

भेटीवरील कराचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. १९५८ च्या दानकर कायद्यानुसार कर भरण्याची जबाबदारी देणाऱ्यावर होती. १ ऑक्टोबर १९९८ पासून दिलेल्या भेटींना तो कायदा लागू राहिला नाही. मृताच्या मालमत्तेवरील संपदा शुल्क १९८५ मध्येच संपले होते. "आता भेटीवर कर नाही" असे अनेक ज्येष्ठ आजही सांगतात, त्याचे मूळ या घटनांत आहे. परंतु १ सप्टेंबर २००४ पासून नातेवाईक नसलेल्यांकडून मिळालेली मोठी रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न मानण्याची तरतूद आली. म्हणजे कराचे ओझे देणाऱ्याच्या खांद्यावरून घेणाऱ्याच्या खांद्यावर आले. १९६१ च्या आयकर कायद्यात १ एप्रिल २०१७ पासून हीच तरतूद कलम ५६(२)(एक्स) मध्ये आहे. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोकांच्या तोंडी रुळलेले जुने क्रमांकच येथे वापरले आहेत. प्रत्यक्ष अर्ज भरताना नवा क्रमांक व नवा नमुना सनदी लेखापालांकडून तपासून घेणे आवश्यक आहे.

कुटुंबावर कर केव्हा येतो?

नियम असा की एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला मोबदल्याशिवाय मिळालेल्या रकमांची एकूण बेरीज ५०,००० रुपयांहून अधिक झाली, तर केवळ वरची रक्कम नव्हे, तर सर्वच रक्कम तिचे उत्पन्न ठरते. ही मर्यादा प्रत्येक देणाऱ्यासाठी स्वतंत्र नाही. शंभर जणांनी प्रत्येकी हजार रुपये दिले, तरी घेणाऱ्याच्या दृष्टीने बेरीज एक लाखच होते.

या नियमाला अपवाद आहेत. नातेवाईकांकडून मिळालेली रक्कम, मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने आलेली मालमत्ता आणि नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडून मिळालेली मदत हे त्यांतील प्रमुख होत. नातेवाईक कोण, हे मात्र कायदा ठरवतो, समाज नव्हे. विधवा भगिनीसाठी तिचे आईवडील, भाऊ-बहीण, सासू-सासरे, दीर, नणंद, तिचे काका-मामा हे नातेवाईक आहेत. चुलतभाऊ, मामेभाऊ, चुलतसासरे त्या व्याख्येत नाहीत. मग पतीचे मित्र, व्यापारी संघटनेतील सहकारी आणि समाजबांधव यांची गोष्टच नको.

उदाहरणादाखल एक काल्पनिक कुटुंब घेऊ. कांद्याच्या व्यापारात असलेला चाळीस वर्षांचा गृहस्थ अपघातात गेला. मागे पत्नी व दोन अज्ञान मुले. समाजाने एकाच आर्थिक वर्षात पत्नीच्या खात्यात १५ लाख रुपये जमा केले. तिला दुसरे उत्पन्न नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीतील दरांनी तिच्यावर १,०५,००० रुपये कर व चार टक्के उपकर मिळून १,०९,२०० रुपयांची जबाबदारी येते. एका मुलाच्या कित्येक वर्षांच्या शाळेच्या शुल्काएवढी ही रक्कम आहे आणि ती दात्यांपैकी कोणाच्याही मनात नव्हती.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, म्हणजे भीती अकारण वाढणार नाही. रक्कम दहा लाख असती, तर त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या कलम ८७ ए च्या सवलतीमुळे तिला कर लागला नसता. मात्र विवरणपत्र भरून रक्कम दाखवणे आवश्यक राहिले असते. लोकांनी निम्मी रक्कम मार्चपूर्वी व निम्मी एप्रिलनंतर दिली असती आणि दर तेच राहिले असते, तरीही कर लागला नसता. म्हणून देणगीचा दिवस आणि आर्थिक वर्ष यांकडे लक्ष ठेवणे ही करचुकवेगिरी नाही, तर साधा व्यवहार आहे. अज्ञान मुलांच्या नावाने रक्कम ठेवली की प्रश्न सुटतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. अज्ञान मुलाचे असे उत्पन्न आणि पुढे त्याच्या ठेवीचे व्याजही पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते.

कुटुंबाला मिळणाऱ्या काही रकमांविषयी विनाकारण धास्ती असते, तीही दूर व्हावी. मृत्यूमुळे मिळणारी आयुर्विम्याची रक्कम करमुक्त आहे. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्नीला किंवा वारसांना मालकाने सानुग्रह दिलेली एकरकमी मदत उत्पन्न मानली जात नाही, असे प्रत्यक्ष कर मंडळाने २१ ऑगस्ट १९९० च्या परिपत्रक क्रमांक ५७३ मध्ये स्पष्ट केले होते. या रकमा स्मृतिनिधीत मिसळू नयेत. त्या वेगळ्या ठेवल्या, तर त्यांचा करमुक्तपणा दाखवणे सोपे जाते.

कोरोनाच्या काळात शासनालाही या नियमातील कठोरपणा जाणवला. २५ जून २०२१ रोजी सवलत जाहीर झाली आणि २०२२ च्या वित्त अधिनियमाने ती पूर्वलक्षी प्रभावाने कायद्यात आली. कोरोनाने मृत्यू झालेल्या व्यक्तीच्या कुटुंबाला मालकाकडून मिळालेली मदत मर्यादेविना, तर इतरांकडून मिळालेली मदत एकूण दहा लाखांपर्यंत करमुक्त ठरली. मदत मृत्यूनंतर बारा महिन्यांत मिळालेली असावी अशी अट होती. या तरतुदीतून एक गोष्ट स्पष्ट होते. सवलत कोरोनापुरतीच दिली गेली. रस्ते अपघात, हृदयविकार, आत्महत्या यांना ती नाही. २८ जानेवारी २०२० रोजी शेजारच्या देवळा तालुक्यात मेशी येथे एस.टी. बस व रिक्षा विहिरीत कोसळून पंचवीसहून अधिक जीव गेले, ती आठवण या परिसरात ताजी आहे. अशा घरांना शासकीय मदतीपलीकडे समाजाने थेट दिलेली रक्कम मूळ नियमातच येते.

संस्थेमार्फत दिले तर?

येथे नोंदणीकृत संस्थेचे महत्त्व ध्यानात येते. आयकर कायद्याखाली नोंदणी असलेल्या धर्मादाय संस्थेने गरजू कुटुंबाला दिलेली मदत त्या कुटुंबाच्या हाती करपात्र भेट ठरत नाही. शिवाय संस्थेला ८० जी मान्यता असेल, तर जुनी करप्रणाली निवडणाऱ्या दात्याला सामान्यतः देणगीच्या पन्नास टक्के वजावट, विहित मर्यादेत मिळते. २,००० रुपयांवरील रोख देणगीवर वजावट नाही आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. म्हणून "पावती मिळेल, कर वाचेल" असे सरसकट आश्वासन कार्यकर्त्यांनी देऊ नये.

मग प्रत्येक निधी संस्थेच्या खात्यात घ्यावा आणि तेथून त्या कुटुंबाला द्यावा, इतके हे सोपे आहे का? नाही. धर्मादाय हेतूचा गाभा 'सार्वजनिक' हा शब्द आहे. 'अमुक कुटुंबासाठीच' म्हणून गोळा केलेला पैसा सार्वजनिक धर्मादाय नव्हे. एका घराण्याच्या सदस्यांना प्राधान्य देणारा ट्रस्ट, नावात 'धर्मादाय' असला तरी, सार्वजनिक धर्मादाय ठरत नाही, हे तत्त्व मुंबईच्या गोरधनदास गोविंदराम फॅमिली चॅरिटी ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. संस्थेचे खाते केवळ वाहिनी म्हणून वापरले, तर दात्याची वजावट आणि संस्थेची नोंदणी दोन्ही धोक्यात येतात.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. १९ डिसेंबर १९८१ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरील माउसहोल गावचे आठ स्वयंसेवक, वादळात सापडलेल्या जहाजावरील लोकांना वाचवताना जीवनरक्षक नौकेसह बुडाले. जनतेने तीस लाख पौंडांहून अधिक निधी जमवला. मग प्रश्न उभा राहिला : निधी सार्वजनिक धर्मादाय मानला, तर करसवलत आहे, पण आठ घरांना गरजेपेक्षा जास्त देता येत नाही, खाजगी मानला, तर सर्व रक्कम देता येते, पण धर्मादायाची सवलत नाही. देणग्यांवर कर येणार म्हणताच मोठा जनक्षोभ झाला. अखेर निधी खाजगी मानून रक्कम कुटुंबांना पोहोचवण्यात आली आणि पुढे अशा आवाहनांसाठी त्या देशाच्या महान्यायवादींनी मार्गदर्शक सूचना काढल्या. बोध असा की, निधी कोणत्या प्रकारचा हे पहिले आवाहन करण्यापूर्वीच ठरवावे लागते. पैसे जमल्यावर ठरवायला गेले तर दात्यांचा हेतू एक आणि कायद्याचा अर्थ दुसरा, अशी स्थिती होते.

सार्वजनिक मार्ग किती फलदायी होऊ शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले. ती मुले एका घराची नव्हती, एका जातीची वा धर्माची नव्हती. दुःख हाच त्यांचा निकष होता. २०१५ मध्ये श्री. नाना पाटेकर व श्री. मकरंद अनासपुरे यांनी स्थापन केलेल्या नाम फाउंडेशननेही आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांचा असाच वर्ग समोर ठेवला. गरजूंचा वर्ग ठरवला की त्यातील प्रत्येक घराला निकषाने मदत देता येते.

जैन संस्थांसाठी विशेष दक्षता

१९६१ चा कायदा लागू झाल्यानंतर स्थापन झालेली धर्मादाय संस्था एका विशिष्ट धार्मिक समाजाच्या किंवा जातीच्याच लाभासाठी असेल, तर कलम १३(१)(बी) प्रमाणे तिला करमाफी मिळत नाही. ८० जी मान्यतेलाही हीच अट आहे. 'फक्त जैन विद्यार्थ्यांसाठी' अशा शब्दांत काढलेला शिष्यवृत्ती-निधी म्हणूनच अडचणीत येतो. २०१४ मध्ये दाऊदी बोहरा जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, संस्था धार्मिक व धर्मादाय अशा दोन्ही हेतूंची असली तरी तिचा लाभ सर्वांसाठी खुला आहे का, हे तपासले. स्त्रिया व मुले, अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्ग यांच्यासाठीचा निधी मात्र या बंधनात धरला जात नाही. 'पितृछत्र हरपलेल्या गरजू मुलांसाठी' एवढी साधी शब्दरचना कायद्यालाही मान्य आहे आणि अनुकंपादानाच्या भावनेलाही पोषक आहे.

गुप्तदानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दात्याने नाव न सांगणे ही परंपरेने श्रेष्ठ मानलेली वृत्ती. परंतु धर्मादाय संस्थेने दात्याचे नाव-पत्ता न नोंदवता घेतलेल्या देणग्या, एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख रुपये यांपैकी जी मर्यादा अधिक असेल तिच्यावर गेल्या, तर त्या मर्यादेवरच्या रकमेवर तीस टक्के कर लागतो. पूर्णतः धार्मिक संस्थेला यातून सूट आहे. उपाय साधा आहे : नाव फलकावर लावू नये, स्मरणिकेत छापू नये, पण पावतीपुस्तकात अवश्य नोंदवावे. समाजापासून नाव गुप्त ठेवता येते, हिशेबापासून नव्हे.

खात्यांच्या शिस्तीची शिकवण तर जैन समाजाला नवी नाही. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण, जीवदया ही खाती स्वतंत्र ठेवण्याची आणि एका खात्याचे द्रव्य दुसऱ्यात न वळवण्याची काळजी पिढ्यान्पिढ्या घेतली गेली आहे. स्मृतिनिधी हे त्याच शिस्तीचे आणखी एक खाते आहे.

व्यवहारात काय करावे?

पहिली गोष्ट, आवाहनापूर्वी दोन मार्ग वेगळे करावेत. मदत एकाच घराला आणि लगेच द्यायची असेल, तर ती भेट आहे हे मान्य करावे. दात्यांनी पत्नीच्या, सज्ञान मुलाच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात धनादेशाने वा बँकेमार्फत थेट द्यावी. प्रत्येक सज्ञान व्यक्तीचा हिशेब स्वतंत्र होतो. कोणाही कार्यकर्त्याच्या व्यक्तिगत खात्यात पैसे घेऊ नयेत, कारण ते त्याचेच उत्पन्न नव्हे हे पुढे त्यालाच सिद्ध करावे लागते. नोंदणी नसलेल्या 'मदत समिती'च्या खात्यातही तोच धोका आहे. २०१७ पासून भेटीचा नियम व्यक्तींपुरता मर्यादित नाही. जनतेकडून वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी ची पूर्तता धर्मादाय आयुक्त कार्यालयात करावी.

दुसरी गोष्ट, स्मृती दीर्घकाळ टिकवायची असेल तर संस्थेत दिवंगताच्या नावाने सर्वांसाठी खुला निधी स्थापन करावा. ठरावात हेतू, पात्रता, अर्जाची पद्धत, निर्णय घेणारी समिती आणि एका कुटुंबाला द्यावयाच्या मदतीची मर्यादा लिहावी. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या 'भारत के वीर' उपक्रमात हुतात्मा जवानाच्या वारसाच्या खात्यासाठी पंधरा लाखांची मर्यादा ठेवली गेली, म्हणजे ओघ एकाच घराकडे न जाता सर्वांकडे वळतो. मूळ निधी अक्षय ठेवायचा असेल तर दात्यांकडून तशी लेखी सूचना घ्यावी आणि ती रक्कम कायद्याने मान्य केलेल्या ठेवींत वेगळी गुंतवावी. दिवंगताचे कुटुंबही या निधीतून, इतरांप्रमाणेच अर्ज करून, गरजेनुसार मदत घेऊ शकते. फक्त ते एकमेव लाभार्थी असू नये.

तिसरी गोष्ट, दिवंगत गृहस्थ स्वतः विश्वस्त, संस्थापक किंवा मोठा देणगीदार असेल, तर अधिक सावध राहावे. अशा व्यक्तींना व त्यांच्या नातेवाईकांना संस्थेकडून दिलेल्या लाभावर कायद्याची विशेष नजर आहे आणि त्यांच्या हाती ती मदत करमुक्तही राहत नाही. ज्याने आयुष्यभर संस्थेला दिले, त्याच्याच घराला संस्थेने देता येऊ नये, हे मनाला टोचते. तेथे समाजबांधवांनी थेट भेटीचा मार्ग पत्करावा.

चौथी गोष्ट, कुटुंबाला एक पान लिहून द्यावे. त्यात कोणत्या तारखेला, कोणाकडून, किती रक्कम आणि कोणत्या नात्याने आली याची यादी असावी. तिसऱ्या दिवशी कोणालाही या कागदाची आठवण नसते. तिसऱ्या वर्षी त्याच कागदाची गरज पडते. समाजातील एका तरुण लेखापालाने त्या भगिनीचे पहिले विवरणपत्र विनामूल्य भरून देणे, हेही अकरा हजारांच्या जाहीर देणगीइतकेच मोलाचे दान आहे.

संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या काळात भिंती उभ्या राहिल्या, सभागृहे बांधली गेली, फलकांवर नावे कोरली गेली. ज्या घरातील दिवा मालवला, त्या घरापर्यंत मदतीचा रुपया पूर्णपणे पोहोचवणे, वाटेत तो करात, वादात किंवा संशयात झिजू न देणे, हे त्याहून कठीण काम आहे. विश्वस्त मंडळाने पुढील सभेत 'स्मृतिनिधी नियमावली' संमत केली आणि तिची एक प्रत सूचनाफलकावर लावली, तर पुढच्या उठावण्याला "काहीतरी केले पाहिजे" असे म्हणणाऱ्याला काय करायचे, हे आधीच ठाऊक असेल.

जय जिनेंद्र.